उजव्या हाताची खबर

६ एप्रिल
कोलार रोड, भोपाळ

आत्या,

वर काय लिहायचं ते कळेना. आजीने लहानपणी शिकवलं होतं, मोठ्यांना ती. लिहायचं आणि बाई असेल तर पुढे सौ. लावायचं. तुला लावायचं की नाही ह्यात एक कागद वाया गेला. मग ठरवलं, नुसतं आत्या.

मी गौरांग. तू गेलीस तेव्हा तुझ्या खांद्याएवढा होतो, आता बाथरूमची चौकट डोक्याला लागते. शाळा सोडली मी, ते तुला कुणी सांगितलं का माहीत नाही. अकरावीत सोडली. मोठं काही झालं नाही. वर्गात उभं केलं की माझा आवाजच निघायचा नाही, मग मी जाणं बंद केलं. फोनवर पण तसंच होतं माझं. आणि तुझा नवा नंबर इथे कुणाकडे नाही. तुझा नागपूरचा पत्ता आजोबांना पाठ आहे. मी विचारलं तर टीव्हीवरची नजर न हलवता पिनकोडसकट सांगितला.

आजीच्या उजव्या हाताचं ऑपरेशन झालं. मनगटात नस दबली होती. बोटं सुन्न पडायची, चहाचे कप हातातून सुटायचे, आणि ती म्हणायची कपच गुळगुळीत आहेत. डॉक्टर बोलले, खूप उशिरा आणलंत, वय पण झालंय, तर बरं व्हायला वेळ लागेल. सुन्नपणा सगळा जाईलच असं नाही. ऑपरेशन छोटंसं असतं, त्याच दिवशी घरी पाठवलं. मला वाटलं होतं, झालं, संपलं. पण खरं काम घरी आल्यावर सुरू झालं.

हात उशीवर उंच ठेवायचा, छातीच्या वर. टॉवेलमध्ये बर्फ गुंडाळून शेकायचं. बोटं पूर्ण उघडायची, मूठ करायची, अंगठा करंगळीला लावायचा, परत परत. आजीला वाटतं हलवलं की टाके उसवतील. ती हात पोटाशी धरून बसते, मांजर मांडीवर घेतल्यासारखा. डॉक्टर बोलले, "अम्मा, आराम हाथ को देना है, उँगलियों को नहीं." तिथे मान हलवली तिने. खाली आल्यावर मला म्हणाली, "ह्यांची आई असती तर असं बोलले असते का."

दुखतं तिला. जखमेत नाही एवढं, तळहाताच्या मुळाशी, जिथे आपण टेकून उठतो ना, तिथे. ते काही महिने राहणार म्हणतात. बीपी आणि किडनीमुळे जोरदार गोळी देता येत नाही, पॅरासिटामॉलच. ती दर वेळी विचारते, "हीच का रे ती." मी म्हणतो हीच. "मग दे, उपयोग नाही, पण दे."

वेणी पण मीच घालतो. मला लाज वाटायची, आता ती लाज वाटण्याएवढी पण ताकद राहत नाही. मी बांधलेला अंबाडा जेवणापर्यंत टिकत नाही. इंदुमतीकाकू समोरच्या घरातून येऊन हसतात, म्हणतात, "शशिकलाताई, नातवाने घोसला बांधला का डोक्यावर." परकराची नाडी आजोबा बांधतात. त्यांची गाठ नंतर कुणाला सुटत नाही, तर आता आजी गाऊनवरच असते.

आई-बाबा नोकरीसाठी सिंगरौलीला. बाबांचा फोन येतो, शेवटी नेहमी म्हणतात, "तू आहेस ना घरीच." शाळा नाही म्हणजे मी घरीच. कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात समीरभैयाने मला शिकायला बोलावलं होतं, त्याला मी अजून हो पण म्हटलं नाही आणि नाही पण नाही.

आता मुद्दा लिहितो. जूनमध्ये डाव्या हाताचं करायचं आहे. तेव्हा उजव्यात अजून जोर आलेला नसणार, मतलब दोन्ही हात नसल्यासारखेच. मला एकट्याला नाही होणार. तू येशील का, थोडे दिवस? आजीला माहीत नाही मी लिहितोय.

बाकी सगळं ठीक आहे.

गौरांग


१८ एप्रिल

आत्या,

तुझं उत्तर नाही आलं. पत्राला किती दिवस लागतात ते मला माहीत नाही, म्हणून परत लिहितो.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नव्हती. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलमध्ये आजीच्या उजव्या हातातल्या बांगड्या काढायला लावल्या. ती रडली होती. सिस्टरने साबण लावून नीट काढल्या, एक पण फुटली नाही, तरी रडली. हे तुला कसं लिहायचं, बांगड्यांबद्दल, तुलाच, म्हणून गाळलं. आता गाळता येत नाही, कारण त्यातूनच सगळी गडबड झाली.

टाके निघाले. जखम छान दिसत होती. आणि दुसऱ्याच दिवशी आपल्याकडे चैत्राचं हळदीकुंकू होतं. मी म्हटलं ह्या वर्षी नको करू. आजी म्हणाली, गौर काय माझ्या हातासाठी थांबणार आहे का. डाळ मी वाटली. कैरी मी किसली. बायका यायच्या आधी मी पन्ह्याचे ग्लास ठेवून आतल्या खोलीत जाऊन बसलो, तुला माहीत आहे मला बायकांसमोर काय होतं.

तर मी आत असताना इंदुमतीकाकूंनी आजीच्या हातात बांगड्या भरल्या. चौकातून आणल्या होत्या, हिरव्या. काकू वाईट नाहीत, आजीनेच मागवल्या होत्या. सवाष्ण बाई चैत्रगौरीपुढे मोकळ्या हाताने कशी बसणार. सुजलेल्या हातावरून प्लॅस्टिकची थैली घालून, साबण लावून, सरकवल्या. वरून पदर घेतला.

नंतर दुखणं वाढलं. मला वाटलं ऑपरेशनचंच आहे, दुखणार म्हणालेच होते. मी बर्फ द्यायला गेलो की ती म्हणायची, ठेव तिथे, मी लावते. व्यायाम कर म्हटलं की, केला सकाळी. गाऊन सोडून परत साडी नेसायला लागली, नेसवायला काकू यायच्या. मी खूश झालो की चला, एक काम कमी झालं. मी पाहिलंच नाही गं. एवढा थकलो होतो की एक काम कमी झालं तर ते का कमी झालं, हे कोण विचारतो.

परवा तिचा पदर पंख्याच्या वाऱ्याने उडाला. हात मनगटापासून फुगलेला, बोटं वांग्यासारखी, आणि बांगड्या मांसात रुतलेल्या. निघेनात. तेल लावलं, साबण लावला. आजोबा बाहेरून आले, वाकून हात बघितला. मग म्हणाले, "शशी, कापून टाकूया."

आजी म्हणाली, "तुमच्या नावाच्या आहेत."

"मी जिवंत आहे हे लोकांना कळायला तुझ्या हातात काच लागते का? मला विचारा म्हणावं, मी सांगेन."

"थट्टा नको."

"थट्टा नाही. हात गेला तर मला जेवायला कोण वाढणार, ह्याने केलेली पोळी मी खातोय महिनाभर."

मी पोळी चांगली करतो, तसं काही नाही. पण त्यामुळे ती उठली. ऑटोने गेलो. डॉक्टर रागावले नाहीत, ते जास्त वाईट वाटलं. एवढंच बोलले, "अम्मा, हमने चीरा लगाकर दबाव हटाया, आपने ऊपर से फिर लगा दिया."

काच फोडायची तर टाक्यांची जागा ताजी. ड्रेसिंगवाल्या भैयाने बांगडीखाली ओल्या पट्ट्या सरकवल्या, वरून कपडा टाकला आणि पकडीने दाबून एक एक तोडली. आजीने डोळे मिटले होते. आजोबांना म्हणाली, तुम्ही बाहेर जा, तुम्ही इथे नका थांबू. ते गेले नाहीत. तिच्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, "डोळे उघड. बघ. श्वास घेतोय." प्रत्येक बांगडीला तेच. भैयाला मराठी येत नव्हती, तरी तो आजोबांचं बोलून होईपर्यंत थांबायचा आणि मग पुढची तोडायचा.

परत येताना आजी ऑटोत हात मांडीवर ठेवून बसली होती. घराजवळ आल्यावर मला विचारलं, आजोबांना नाही, मला, "कल्पनाच्या कुणी काढल्या असतील रे?"

मला कळलं नाही पहिले. मग कळलं. अरविंदकाका कोविडमध्ये गेले तेव्हा रस्ते बंद होते, इथून कुणी पोचू शकलं नाही. तू घरात एकटी होतीस.

मी म्हटलं, माहीत नाही आजी.

मी तुला विचारत नाहीये. तिने विचारलं ते लिहितोय. आणि हे पण लिहितो की काका गेल्यानंतर तू इथे आली होतीस त्या चैत्रात, ओळीने सगळ्यांना कुंकू लावत आजी तुझ्यापाशी आली आणि पुढे गेली, तेव्हा पन्ह्याचा ट्रे धरून मी मागेच उभा होतो. तू बॅग उचलून थेट हबीबगंज स्टेशनला गेलीस. त्यावर ह्या घरात तेव्हापासून एक शब्द कुणी बोललं नाही. ऑटोतलं तिचं वाक्य पहिलंच.

गौरांग


५ मे

आत्या,

तुझं पत्र मिळालं. तीनच ओळी, पण मी पुष्कळदा वाचलं. आधी लपवायचा विचार केला. मग वाटलं, प्रश्न तिचा होता, तर उत्तर पण तिचंच. जेवणं झाल्यावर वाचून दाखवलं. माझा आवाज कापत होता, तरी वाचलं सगळं:

"माझ्या मीच काढल्या. बेसिनपाशी, साबण लावून. मी भोपाळला येणार नाही."

आजोबा उठून गॅलरीत गेले. आजी ताटाकडे बघत होती. म्हणाली, "आमटीत मीठ जास्त झालं होतं आज." नव्हतं झालं. मग म्हणाली, "साबण कुठला होता, ते नाही लिहिलं का." मी म्हटलं नाही. हे विचित्र वाटेल तुला, पण ती खरंच विचारत होती.

तू येणार नाहीस, ते समजलं. मी रागावलो नाही. तुझ्या जागी मी असतो तर तीन ओळी पण लिहिल्या नसत्या. थोडा वेळ वाटलं की आता जूनमध्ये काय करायचं, मग काही वाटलंच नाही, भांडी घासली.

हाताचं सांगतो. सूज उतरली आहे. बोटांचा रंग परत आला. पण जे दिवस हलवली नाहीत ते महागात पडले, मधली दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत, मुठीत भोक राहतं. फिजिओवाल्या मॅडम सांगतात, जखमेच्या रेघेवर खोबरेल लावून गोल गोल दाबायचं, म्हणजे खालचं मांस चिकटणार नाही. ते दाबताना तिला फार दुखतं. पहिले मी दाबायचो. ती तोंड फिरवायची आणि मी हळू करायचो, मतलब नुसतं तेल पुसल्यासारखं. मॅडम मला रागावल्या. "बेटा, दया दिखाओगे तो हाथ नहीं खुलेगा." आता मी तिचा डावा अंगठा त्या रेघेवर ठेवून देतो आणि समोर बसतो. स्वतःच दाबते. डावा पण सुन्नच, त्यामुळे किती जोर लागला ते तिला डोळ्यांनी बघावं लागतं.

तुझं पत्र वाचल्यावर काही दिवस तिने काहीच केलं नाही. तेल नाही, मूठ नाही. भांडलो असतो, पण मला भांडता येत नाही. शेजारी बसून मीच माझी मूठ उघडत-मिटत राहिलो, तिला दिसेल अशी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वैतागून म्हणाली, "तुला काय झालंय हाताला?" मी म्हटलं काही नाही. "मग मला कर." मी म्हटलं, तुझी तू कर. असं मी तिला पहिल्यांदाच बोललो. तिने हात मांडीवर घेतला. मग केली.

उजवा हात आता मोकळाच असतो. काकू आल्या की पदराखाली नेते, विसरली तर तसाच राहतो. काकूंनी एकदा पाहिलं. लोणच्याची बरणी ठेवून गेल्या.

तू लिहिलं नाहीस तरी चालेल. मला सवय झाली आहे लिहायची, म्हणून लिहितो.

गौरांग


२२ मे

आत्या,

हे पत्र स्पीड पोस्टने टाकतोय, कारण तुला वेळेवर मिळायला पाहिजे. नीट वाच.

काल डाव्या हाताची तारीख घ्यायला गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, घर में कौन है देखने वाला. मी हात वर करणार होतो, वर्गातल्यासारखा. आजी म्हणाली, "ये लड़का थक गया है." एवढंच. तारीख न घेताच उठली. बाहेर बाकावर बसली तर तिच्या कपाळावर घाम, ऊन पण असं आहे की चप्पल रस्त्याला चिकटते. मी पाणी आणलं. बाटली दोन्ही हातांनी धरून ती पाणी प्यायली, मग म्हणाली, "नागपूरचं तिकीट काढ. दोघांचं."

मी म्हटलं, आजी, ती येणार नाही म्हणाली आहे.

"ती येणार नाही म्हणाली. मी येऊ नको असं कुठे म्हणाली."

मी म्हटलं, पण तिथे जाऊन काय करणार तू, ह्या हाताने.

"हाताने करायचं असतं ते तेव्हा केलं नाही. आता तोंडाने करीन."

घरी आजोबांना सांगितलं. त्यांना वाटलं ती चिडून बोलते आहे. "मे महिन्यात नागपूर? भाजून येशील." ती म्हणाली येईन. ते म्हणाले मग मी पण येतो. ती म्हणाली नाही, तुम्ही आलात की तुम्हीच बोलाल, आणि मी मागे उभी राहीन. ते खरं आहे. त्यांचा डबा काकूंकडून येईल. काकूंना तिने खरं कारण सांगितलं. म्हणाली, "लेकीकडे जाते. चुकलं होतं माझं." काकूंनी विचारलं, दोन्ही वेळचा डबा पाठवू का. बस, एवढंच.

ह्या शनिवारी नाही, पुढच्या. सकाळच्या गाडीने निघणार, दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचू. संध्याकाळच्या गाडीचं परतीचं तिकीट पण काढलं आहे, तिनेच काढायला सांगितलं. म्हणाली, तिने दार उघडलं नाही तर तिला लाजवत तिथे बसून नाही राहायचं. उघडलंच तर ते तिकीट रद्द करू. डाव्या हाताचं तिकडे नागपूरला करायचं की इथे, ते तू म्हणशील तसं. तू नको म्हणालीस तर इथे करू, मी आहे. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाहीये. समीरभैयाला मी सांगून टाकलं, जुलैपासून येतो, काही झालं तरी.

तुला जर अजिबात नको असेल तर मला आधी कळव, पाकिटाच्या मागे नंबर लिहिला आहे, मेसेज कर. मी तिला दुसरं काहीतरी कारण सांगेन, गाडी रद्द झाली म्हणून. मेसेज नाही आला तर आम्ही निघतो.

थोडं माहीत असू दे. उजवा हात धरून तिला ओढू नको, कोपराला धर. तळहात टेकून उठायचं झालं तर कळ जाते, डोळ्यांत पाणी येतं, ते त्या दुखण्याचं असतं. पण सगळंच त्याचं नसेल. चहा कपात नको, स्टीलच्या मोठ्या ग्लासात दे, अर्धा, दोन्ही हातांत धरता येतो. भाजी तिला चिरायला मागेल, देऊ नको. मटार सोलायला दे, मॅडम म्हणतात तो चांगला व्यायाम आहे. मेमध्ये मटार कुठून मिळणार, तर शेंगदाणे दे. कुंकवाबद्दल ती काही बोलेल किंवा नाही बोलणार, मला माहीत नाही. तिची काय तयारी झाली आहे ते तिने मला सांगितलं नाही. गाडीत सांगेल असं पण वाटत नाही.

मी वर येणार नाही. जिना तिला चढता येतो, पायांना काही झालेलं नाही. मी खाली पानवाल्याच्या सावलीत थांबेन. तू मला हाक मारलीस तर येईन.

एकच सांगायचं राहिलं. तिच्या अंगठ्यात अजून जोर नाही, तुझी बेल तिच्याने दाबली जाणार नाही. ती दार वाजवेल, बोटांच्या मागच्या बाजूने, अगदी हळू. त्या दुपारी कूलर बंद ठेव.

गौरांग